टाईप-सीचे तोंड आणि त्यामागची बोलणी
(मोबाइल विक्रेते आणि दुरुस्ती करणाऱ्यांच्या परिषदेतील अध्यक्षीय भाषण, कपिलधार)

टाईप-सी या नावाने चार्जिंगच्या तोंडाचा आकार तेवढा सांगितला जातो. ऑगस्ट 2014 मध्ये त्याचा आराखडा प्रसिद्ध झाला: 24 टोके, सुमारे सव्वाआठ मिलिमीटर रुंदीची पिन आणि ती उलटी-सुलटी कशीही बसण्याची सोय. त्या तोंडातून किती वॅट वीज आत जाईल आणि सेकंदाला किती डेटा बाहेर पडेल, हे आकारावरून कळत नाही. ते चार्जर, वायर आणि फोनमधली चिप आपसांत ठरवतात. आणि या ठरवाठरवीत फोन बनवणाऱ्या कंपनीला हात घालायला भरपूर वाव आहे.

कार्तिक पौर्णिमेला संत मन्मथस्वामींच्या समाधीच्या दर्शनासाठी मराठवाड्यातून आणि शेजारच्या राज्यांतून दिंड्या पायी बीड जिल्ह्यातल्या या कपिलधारला येतात. दिवसभर चाललेल्या माणसांचे फोन मुक्कामाच्या ठिकाणी एकाच बोर्डाला लागतात, तेव्हा हा प्रश्न उघडा पडतो. पंधरा वर्षांपूर्वी अशा जागी पहिली विचारणा पिनेची असे: नोकियाची जाड की बारीक? आता पिन बहुतेकांची एकच आहे. तरीही एकाचा फोन पाऊण तासात भरतो आणि त्याच चार्जरवर शेजाऱ्याचा फोन कीर्तन संपले तरी निम्म्यावरच असतो.

घरातला तीन पिनांचा प्लग असा वागत नाही. त्याचे भारतीय मानक आयएस 1293 आहे. मिक्सर कोणत्याही कंपनीचा असो, सॉकेट त्याला 230 व्होल्ट देते आणि कंपनीचे नाव विचारत नाही. टाईप-सी मात्र आधी विचारपूस करते. वायर जोडताच एका वेगळ्या तारेवरून चार्जर आपली क्षमता कळवतो. साधी व्यवस्था 5 व्होल्ट आणि जास्तीत जास्त 3 अँपिअरची, म्हणजे 15 वॅटची. त्यापुढे जायचे तर ‘पॉवर डिलिव्हरी’, दुकानातल्या भाषेत पीडी, या सामाईक नियमावलीनुसार व्होल्ट वाढवून घेतले जातात. वायरमधून 3 अँपिअरपेक्षा जास्त प्रवाह जायचा असेल, तर वायरीतही ओळख सांगणारी चिप असावी लागते. 2021 च्या सुधारणेनंतर ही नियमावली 240 वॅटपर्यंत जाते. म्हणजे फोनला लागणाऱ्या विजेसाठी सामाईक वाट कधीच अपुरी नव्हती.

प्रत्येक मंद चार्जिंगमागे कंपनीचा डाव असतो, असे मानणे मात्र चूक ठरेल. बॅटरी साधारण 80 टक्के भरली की फोन स्वतःच वेग कमी करतो. ती तापली तरी करतो. आयफोन 0 ते 35 अंश तापमानात वापरावा, असे ॲपल सांगते. बीडच्या उन्हाळ्यात पारा 40 च्या वर असतो, तेव्हा पत्र्याखाली चार्जिंगला लावलेला फोन रेंगाळला तर ते बॅटरीच्या भल्याचेच आहे. उन्हाळ्यातली ही तक्रार चार्जर बदलून सुटत नाही, फोन सावलीत नेऊन सुटते.

खरा वाद पुढे सुरू होतो. ओप्पोने 2014 मध्ये व्हूक ही स्वतःची पद्धत आणली. त्या घराण्यातल्या कंपन्यांची जलद चार्जिंगही त्याच वळणाची आहे. पीडीमध्ये व्होल्ट वाढवतात. व्हूकमध्ये व्होल्ट कमी ठेवून अँपिअर वाढवतात. त्यामुळे विजेचे रूपांतर फोनऐवजी चार्जरमध्ये होते आणि फोन कमी तापतो. यात अभियांत्रिकीची हुशारी आहे, हे मोकळेपणाने मान्य करायला हवे. परंतु त्यांच्या 65 वॅटच्या व्यवस्थेत 10 व्होल्टवर 6.5 अँपिअर प्रवाह वाहतो, आणि टाईप-सी वायरची प्रमाणित मर्यादा 5 अँपिअर आहे. साहजिकच चार्जर त्यांचा लागतो आणि वायरही त्यांचीच. दुसऱ्या कंपनीचा दमदार पीडी चार्जर लावला, तर अशा पद्धतीचे अनेक फोन त्यातली थोडीच वीज घेतात. येथे हुशारी संपते आणि अडवणूक सुरू होते. स्वतःची पद्धत जोडीला ठेवूनही सामाईक पद्धतीला पूर्ण वाव देता येतो. तो न देणे हा व्यापारी निर्णय आहे.

ओळख पटवण्याच्या चिपेची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. टाईप-सीच्या सुरुवातीच्या काळात बाजारात सदोष वायरी आल्या. त्यांत 56 किलोओमच्या जागी 10 किलोओमचा रोधक असे. चार्जरला झेपणार नाही एवढा प्रवाह खेचायला अशी वायर फोनला खुशाल सांगे. गुगलचे अभियंता बेन्सन लुंग यांनी अशा वायरी एकेक तपासून उघड्या पाडल्या. 2016 मध्ये चुकीची जोडणी असलेल्या एका वायरीने त्यांचा लॅपटॉपच निकामी केला. पुढे जानेवारी 2019 मध्ये यूएसबीच्या मानक संस्थेने चार्जर आणि वायरीची खातरजमा करणारी प्रमाणपत्रांची योजना सुरू केली. दारावरचा हा पहारेकरी चोराला अडवतो, तसाच मालकाच्या मर्जीत नसलेल्या पाहुण्यालाही अडवू शकतो. ॲपलच्या 2012 च्या लायटनिंग पिनेत अशी चिप होती आणि परवाना नसलेल्या वायरीवर फोन इशारा दाखवत असे. म्हणूनच 2023 च्या सुरुवातीला, टाईप-सीच्या आयफोनमध्येही परवान्याविना वायरींचा वेग बांधला जाईल, अशा बातम्या आल्या तेव्हा त्या कोणाला अशक्य वाटल्या नाहीत. युरोपीय आयुक्त थिएरी ब्रेतों यांनी कंपनीला पत्राने इशारा दिल्याचे वृत्तही त्याच वर्षी आले. सप्टेंबर 2023 मध्ये आयफोन 15 बाजारात आला, तेव्हा तसे कुलूप त्यात नव्हते.

वेगाची बांधणी निघाली ती दुसऱ्याच बाजूला. आयफोन 15 च्या साध्या मॉडेलचा डेटाचा वेग सेकंदाला 480 मेगाबिट आणि प्रो मॉडेलचा 10 गिगाबिट. यातला पहिला आकडा यूएसबी 2.0 चा, म्हणजे 2000 सालचा आहे. लग्नाचे किंवा यात्रेचे 10 गिगाबाइट चित्रण संगणकावर उतरवायला साध्या मॉडेलवर कागदोपत्री जवळपास तीन मिनिटे लागतात. प्रत्यक्षात त्याहून जास्तच. प्रोवर कागदोपत्री 8 सेकंद पुरतात. साध्या मॉडेलमध्ये आदल्या वर्षीची चिप होती आणि तिच्यात जलद यूएसबीची सोय नव्हती, हे तांत्रिक कारण खरे आहे. पण 2024 च्या आयफोन 16 मध्ये चिप नवी असूनही साध्या मॉडेलचा वेग 480 वरच राहिला. तेव्हा ही चिपेची असहायता कमी आणि किमतीच्या पायऱ्या राखण्याची रीत जास्त. अनेक कंपन्यांचे स्वस्त फोनही याच जुन्या वेगावर चालतात. तिथे निदान किंमत तरी स्वस्ताईची असते.

कायद्याने यातला काही भाग पकडला आहे. युरोपीय संघाचा 2022 चा निर्देश 28 डिसेंबर 2024 पासून फोनना लागू झाला. त्यात टाईप-सी तर सक्तीचे आहेच; शिवाय 15 वॅटपेक्षा जास्त वीज घेणाऱ्या फोनला पीडी चालले पाहिजे, आणि कंपनीच्या खास पद्धतीमुळे पीडीचे काम कुठेही अडता कामा नये, असे कलम आहे. खोक्यावर किमान आणि कमाल वॅटचे चिन्ह छापावे लागते. डेटाच्या वेगाबद्दल मात्र हा निर्देश गप्प आहे. भारतात 16 नोव्हेंबर 2022 रोजी ग्राहक व्यवहार विभागाच्या बैठकीत टप्प्याटप्प्याने टाईप-सीकडे वळण्यावर सहमती झाली. जानेवारी 2023 मध्ये भारतीय मानक ब्यूरोने आयएस/आयईसी 62680-1-3:2022 हे मानक जाहीर केले. ते टाईप-सीची वायर आणि तोंड यांचे मानक आहे. युरोपने लिहिलेले पीडीच्या संरक्षणाचे कलम आपल्या नियमांतही स्पष्ट शब्दांत हवे. नाहीतर पिन एक करूनही घरात चार्जर तीनच राहतील आणि निरुपयोगी चार्जरांचा कचरा कमी होणार नाही.

तोवर गिऱ्हाइकाला खरी माहिती मिळण्याची जागा म्हणजे मोबाइलचे दुकान. फोनच्या खोक्यावर ठळक छापलेला 80 किंवा 120 वॅटचा आकडा बहुधा कंपनीच्याच चार्जरपुरता खरा असतो. परिषदेला जमलेल्या विक्रेत्यांनी आणि दुरुस्तीचे काम करणाऱ्यांनी बिलावर मॉडेलच्या नावाखाली आणखी एक आकडा लिहायला सुरुवात करावी: हा फोन दुसऱ्या कंपनीच्या पीडी चार्जरवर किती वॅट घेतो.