परिसेविकेचे खरे काम



आपल्यातील काही मुली-मुले परिचर्येचे शिक्षण घेऊ इच्छितात, म्हणून आज आम्ही परिसेविकेच्या कामाविषयी चार शब्द सांगणार आहोत. सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिका म्हणजे स्टाफ नर्स, तिच्यावर वॉर्ड सांभाळणारी परिसेविका आणि तिच्याही वर अधिसेविका असते. लोक मात्र सर्वांनाच 'सिस्टर' म्हणतात. त्यात आम्हांला काही वावगे वाटत नाही.

परिसेविका म्हणजे चादरी मोजणारी आणि रजिस्टरावर सह्या करणारी बाई, असा एक समज आहे. चादरी मोजाव्या लागतातच. मॉर्फिनसारखी औषधे कुलपात ठेवून ड्यूटी बदलताना त्यांची मोजदाद करावी लागते. ऑक्सिजन पुरेसा आहे काय, इमर्जन्सी ट्रेमध्ये अॅड्रेनॅलिन आहे काय, हे आधीच पाहावे लागते. रोगी अत्यवस्थ झाल्यावर शोधाशोध करून चालत नाही. ही कामे सरावाने येतात. हाताखालच्या माणसांकडून खरे ऐकून घेणे हे मात्र फार अवघड आहे.

पोटॅशियम क्लोराइडचे उदाहरण घ्या. हे औषध सलाइनमध्ये मिसळून सावकाश द्यायचे असते. तसेच थेट शिरेत टोचले तर हृदय बंद पडू शकते. त्याचे अँप्युल आणि डिस्टिल्ड वॉटरचे अँप्युल पुष्कळदा सारखे दिसतात. समजा, दोन्ही एकाच खणात आहेत. रात्री तीन वाजता थकलेल्या एका नव्या मुलीने नको ते अँप्युल उचलले, फोडण्याआधी लेबल वाचले आणि परत ठेवले. रोग्याला काही झाले नाही. सकाळी 'ओव्हर' देताना ती हे सांगेल काय? आदल्या आठवड्यात औषधाला थोडा उशीर झाला म्हणून तिला रोग्यांसमोर बोलणी बसली असतील, तर मुळीच सांगणार नाही. अँप्युल त्याच खणात राहील, आणि पुढच्या वेळी लेबल वाचले जाईलच असे नाही. तिने सांगितले, तर ते त्याच दिवशी वेगळ्या, लाल चिठ्ठीच्या पेटीत जाईल.

म्हणून आमचे आग्रहाचे सांगणे आहे की, जी आपण होऊन सांगते तिला रागावू नये. इतरांना समज द्यायची ती बाजूला बोलावून द्यावी. याने शिस्त ढासळते, असे आमच्यातील काही ज्येष्ठ भगिनी म्हणतात. आम्हांला ते पटत नाही. खोटी नोंद करणारीला लेखी जाब विचारावाच. ती गोष्ट वेगळी.

आता माणसांच्या संख्येविषयी. जनरल वॉर्डासाठी भारतीय परिचर्या परिषदेचे माप शिक्षण देणाऱ्या रुग्णालयात ३ रोग्यांमागे १ आणि इतरत्र ५ रोग्यांमागे १ परिचारिका असे आहे; शिवाय रजेसाठी ३० टक्के जादा. रात्री भरलेला वॉर्ड एकटी सांभाळणारी मुलगी आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. अशा वेळी 'कसेबसे निभावले' म्हणून गप्प न बसता, कोणत्या ड्यूटीत रोगी किती आणि परिचारिका किती, हे परिसेविकेने रोज लिहून अधिसेविकेकडे पाठवावे. आणि ड्यूटी लिस्ट करताना, नाही म्हणता न येणाऱ्या त्याच दोघींच्या वाट्याला दर महिन्याला जादा रात्री येत नाहीत ना, हेही पाहावे.

विद्यार्थ्यांनी आपले प्रश्न आता विचारावेत.