मर्यादा केव्हा वाढवून मागावी?



बालाघाटहून सिवनीकडे जाणाऱ्या रस्त्यावर लालबर्रा हे तहसिलीचे गाव लागते. वैनगंगेच्या खोऱ्यातील हा मुलूख धानाचा. ज्या चिन्नोर तांदळाला २०२१ साली भौगोलिक मानांकन लाभले, तो याच जिल्ह्यातला. येथील एक शिक्षक गेल्या आषाढात माझ्याकडे आले. घरची चार एकर शेती, मुलगी नागपुरास महाविद्यालयात, आणि दिवाळीनंतर घर बांधण्यासाठी बारा लाखांचे कर्ज काढण्याचा विचार. त्यांच्या क्रेडिट कार्डाची मर्यादा होती ६०,००० रुपये. ती दीड लाखावर नेता येईल असे बँकेने कळविले होते, मात्र त्यासाठी पतअहवाल मागविण्यास त्यांची संमती हवी होती. इकडे चहाच्या टपरीवर कुणी त्यांना सांगितले की, "सिबिल पाहिला की गुण उतरतात, मग घराचे कर्ज विसरा." गुरुजी मला म्हणाले, "तुमची हयात बँकेत गेली. सही करू की नको, एवढेच सांगा."

प्रश्न एका ओळीचा खरा, परंतु उत्तर देण्यापूर्वी ही चौकशी म्हणजे काय, ते पाहिले पाहिजे.

पत ही गोष्ट आपल्याला नवी नाही. पूर्वी ती सावकाराच्या वहीत असे, आणि त्या वहीत काय लिहिले आहे ते कुळाला कळत नसे. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी उठले, तेव्हा त्यांचा रोख होता तो सावकाराच्या दप्तरातील कर्जरोख्यांवर. आज ती वही पतमाहिती कंपन्यांकडे आहे. अशा चार कंपन्या आपल्या देशात आहेत आणि त्यांना २००५ सालचा कायदा लागू आहे. त्यांतली पहिली, सिबिल, २००० साली स्थापन झाली. म्हणून वनस्पती तुपाला सरसकट डालडा म्हणावे, तसे लोक पतगुणांनाच 'सिबिल' म्हणू लागले. हे गुण ३०० पासून ९०० पर्यंत असतात.

ही वही दोन प्रकारे उघडली जाते. आपण स्वतः आपला अहवाल पाहिला, तर त्याने गुण कमी होत नाहीत. परंतु आपण कर्ज किंवा कार्ड मागितले आणि त्यासाठी बँकेने अहवाल मागविला, तर त्या बँकेचे नाव, तारीख, कर्जाचा प्रकार आणि रक्कम यांची नोंद अहवालात राहते. इंग्रजीत हिला 'हार्ड इन्क्वायरी' म्हणतात. टपरीवरचे बोलणे या दुसऱ्या प्रकाराविषयी होते आणि ते सर्वस्वी खोटे नव्हते.

मग गुण उतरतात तरी किती? अमेरिकेत पतगुणांची पद्धत रूढ करणारी फेअर आयझॅक ही कंपनी सांगते की, एका चौकशीने बहुतेकांचे पाचाहून कमी गुण जातात. तेथे ही नोंद अहवालात दोन वर्षे दिसते, पण गुणांच्या हिशेबात पहिल्या वर्षापुरतीच धरली जाते. आपल्याकडील कंपन्यांची सूत्रे निराळी असल्याने तोच आकडा येथे लावता येणार नाही. परंतु एकट्या चौकशीचा परिणाम लहान आणि काळाबरोबर ओसरणारा, हे तत्त्व येथेही खरे आहे. हप्ता चुकल्याने होणाऱ्या हानीपुढे तो नगण्यच. मात्र महिन्याभरात पाच ठिकाणी अर्ज केले, तर चित्र पालटते. दारोदार उसने मागत फिरणाऱ्या माणसाकडे शेजारी ज्या नजरेने पाहतात, त्याच नजरेने बँकही त्या अर्जदाराकडे पाहू लागते.

आता लाभाची बाजू पाहू. मंजूर मर्यादेपैकी किती भाग वापरला जातो, हेही पतगुणांत मोजले जाते. गुरुजींचा खर्च फीच्या महिन्यात ४५,००० रुपयांवर जाई. ६०,००० च्या मर्यादेत हा वापर शेकडा ७५ होतो. मर्यादा दीड लाख झाली आणि खर्च तेवढाच राहिला, तर तो शेकडा ३० वर येतो. सामान्यतः इतपत वापर बरा मानतात. म्हणजे चौकशीने थोडे गेले, तरी कमी वापराने त्याहून अधिक मिळण्याचा संभव आहे. मात्र यात 'खर्च तेवढाच राहिला तर' ही अट फार महत्त्वाची आहे.

दुसरी गोष्ट वेळेची. पतगुण पाहून व्याजाचा दर ठरविणाऱ्या बँका आज पुष्कळ आहेत. बारा लाखांचे कर्ज पंधरा वर्षांसाठी घेतले आणि दर साडेआठऐवजी नऊ टक्के पडला, तर मासिक हप्ता सुमारे ३५४ रुपयांनी वाढतो. संपूर्ण मुदतीत ही रक्कम ६३,००० रुपयांच्या वर जाते. गुण दरांच्या सीमारेषेवर असतील, तर चार-पाच गुणांनाही अशी किंमत येते. म्हणून घराच्या कर्जाचा अर्ज पुढच्याच महिन्यात करावयाचा असता, तर मी गुरुजींना थांबा म्हटले असते. परंतु त्यांच्या हाती चार-पाच महिने होते. तेवढ्या अवधीत चौकशी जुनी होते आणि कमी झालेला वापर अहवालात दिसू लागतो.

सही करण्यापूर्वी मात्र बँकेला एक प्रश्न अवश्य विचारावा: "माझे जुने व्यवहार पाहूनच मर्यादा वाढविता येईल काय?" आपल्याच बँकेने आपण होऊन देऊ केलेली वाढ पुष्कळदा नव्या चौकशीवाचून मिळते; नव्या बँकेत नवे कार्ड मागितले, तर चौकशी ठरलेलीच. ग्राहकाच्या स्पष्ट संमतीवाचून मर्यादा वाढवू नये, असे रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या निर्देशांत घालून दिले आहे. तेव्हा दूरध्वनीवर घाईने 'हो' म्हणण्याचे कारण नाही.

एवढे सांगून मी गुरुजींना म्हणालो, "चौकशीची भीती तुम्ही उगाच धरली. भ्यायचेच असेल, तर त्या वाढलेल्या नव्वद हजारांना भ्या." कार्डावर एक लाख थकले आणि दर महिना साडेतीन टक्के असला, तर पहिल्याच महिन्याला ३,५०० रुपये व्याज आणि त्यावर १८ टक्के कराचे ६३० रुपये होतात. थकबाकी असताना नव्या खरेदीला बिनव्याजी मुदतही उरत नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली वर्षाला ३० टक्क्यांहून अधिक व्याज अनुचित ठरविले होते. तो निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला. त्यामुळे त्या मर्यादेचा आडोसा आता राहिलेला नाही.

गुरुजींच्या घरी आणखी एक कार्ड आहे. ते म्हणजे १९९८ साली सुरू झालेले किसान क्रेडिट कार्ड. त्याची मर्यादा जमीन किती, पीक कोणते आणि त्या पिकाला एकरी खर्च किती, यावरून ठरते. २०१२ साली सुधारलेल्या योजनेत ती वाढत्या खर्चापोटी दरसाल दहा टक्क्यांनी वाढविण्याची तरतूदही झाली. तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जाला सात टक्के आणि वेळेवर फेडल्यास चार टक्के, ही सवलत २०२५-२६ सालासाठीही कायम राहिली. शेतातून जे परत येणार आहे, त्याच्या मापाने येथे उचल बेतलेली असते. खिशातल्या दुसऱ्या कार्डाला असे माप कुणी लावून देत नाही. ते आपले आपणच लावावयाचे असते.

तेव्हा माझे मत असे. मोठे कर्ज निदान चार-सहा महिने दूर असेल, दर महिन्याचे बिल पुरते फेडण्याची सवय असेल आणि वाढीव मर्यादेला हात लावण्याचा विचार नसेल, तर चौकशी खुशाल होऊ द्यावी. गरज गळ्याशी आली म्हणून मर्यादा वाढवून मागावीशी वाटत असेल, तर मागू नये. ती गरज आधी वहीवर मांडून पाहावी.

आणि तत्पूर्वी आपला अहवाल एकदा वाचावा. प्रत्येक पतमाहिती कंपनीने वर्षातून एकदा तो विनामूल्य दिलाच पाहिजे, असा नियम २०१७ पासून आहे. त्यातील चूक कळविल्यावर तीस दिवसांत तक्रार मिटली नाही, तर पुढील प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई मिळते. सुप्याच्या शेतकऱ्याला जी वही पाहावयास मिळत नव्हती, ती आज आपल्याला मागताच मिळते.

गुरुजींनी त्याच दिवशी अहवाल काढला. एका जुन्या, पूर्ण फेडलेल्या कर्जावर १,२०० रुपयांची बाकी तशीच दिसत होती. ती दुरुस्त करून घेतली आणि मगच त्यांनी सही केली. फीच्या महिन्यातला त्यांचा खर्च अजूनही पंचेचाळीस हजारच आहे.