पडद्याआडचे साडेतीनशे रुपये



लासलगाव म्हटलं की कांदा आठवतो. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि पिकअप गाड्यांच्या रांगा, लिलावाचा पुकारा, कांदा हातात घेऊन दाबून पाहणारे व्यापारी, असं चित्र डोळ्यांपुढे येतं. संगणक काही आठवत नाही. मला मात्र संगणकाचा सगळ्यात मोठा धडा याच गावात, एका व्यापाऱ्याच्या खळ्यावर मिळाला. तो शिकवणारे गुरुजी होते निफाड तालुक्यातलेच एक शेतकरी. संगणकाला त्यांनी आयुष्यात हात लावलेला नव्हता.

गोष्ट २००४ सालच्या उन्हाळ्यातली. नाशिकला शिक्षण संपवून मला दोन वर्षं झाली होती. पुण्याला नोकरी मिळेल तेव्हा मिळेल, तोवर घरबसल्या लहानसहान प्रोग्रॅम लिहून देत होते. ओळखीतून एका कांदा व्यापाऱ्याचं काम आलं. काम हिशोबपट्टीचं.

ज्यांना बाजाराची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. लिलावात गाडीतल्या मालाचा भाव ठरतो, तो क्विंटलला. मग भरलेल्या गाडीचं काट्यावर वजन होतं, खळ्यावर माल रिकामा होतो आणि रिकाम्या गाडीचं पुन्हा वजन होतं. निघालेल्या वजनाला भावानं गुणायचं, त्यातून तेव्हा हमाली-तोलाई वजा व्हायची, राहील ती शेतकऱ्याची रक्कम. या खळ्यावर आणखी एक रीत होती. शेतकरी भाड्याच्या गाडीनं आला असेल तर गाडीवाल्याला भाडं शेठ रोख देऊन टाकत आणि ते पट्टीतून वजा होई. हे सगळं दिवाणजी वहीवर करत. मोसमात त्यांची मान वर होत नसे. म्हणून संगणक घेतला आणि त्याच्यासाठी प्रोग्रॅम लिहायला मला सांगितलं.

मी तो 'व्हिज्युअल बेसिक' या भाषेत लिहिला. आता दोन मिनिटं जरा तांत्रिक बोलते, पण कंटाळू नका, पुढची गंमत त्यावरच आहे. संगणकाच्या पडद्यावर जे दिसतं, म्हणजे बटण, आकडा लिहायची चौकट, खूण करायचा चौकोन, ती प्रोग्रॅमच्या लेखी एकेक वस्तू असते आणि प्रत्येक वस्तूला गुणधर्म असतात. आपल्या ट्रॉलीचंच उदाहरण घ्या. ट्रॉली ही वस्तू. मालकाचं नाव, गाव, माल लाल की उन्हाळ, वजन, भाव, हे तिचे गुणधर्म. लिलाव झाला की भाव बदलतो, काट्यावर गेली की वजन कळतं, ट्रॉली मात्र तीच. पडद्यावरच्या चौकटीचंही तसंच. तिच्यात लिहिलेला मजकूर हा एक गुणधर्म, त्याला 'टेक्स्ट' म्हणतात. ती डोळ्यांना दिसावी की नाही हा दुसरा, 'व्हिजिबल'. तिच्यात कुणाला लिहू द्यायचं की नाही हा तिसरा, 'एनेबल्ड'. शिवाय रंग, रुंदी, अक्षराचा आकार, अशी मोठी यादीच असते.

पडद्यावरच्या वस्तूंची ही कल्पना १९७० च्या दशकात अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या पालो अल्टो इथल्या संशोधन केंद्रात, 'स्मॉलटॉक' या भाषेच्या रूपानं वाढली. १९९१ साली मायक्रोसॉफ्टनं व्हिज्युअल बेसिक बाजारात आणलं, आणि माझ्यासारख्या तालुक्याच्या गावातल्या मुलीलाही माऊसनं चौकटी मांडून, शेजारच्या यादीत त्यांचे गुणधर्म भरून प्रोग्रॅम तयार करता येऊ लागला. माझ्याकडे होती ती १९९८ सालची सहावी आवृत्ती.

या सगळ्यात एकच गोष्ट लक्षात ठेवा. हे गुणधर्म एकमेकांना ओळखत नाहीत. एक बदलला म्हणून दुसरा आपोआप बदलत नाही.

माझ्या पडद्यावर 'भाड्याची गाडी' असा एक खुणेचा चौकोन होता. दिवाणजींनी तिथे खूण केली की खाली भाड्याची चौकट उमटायची. खूण काढली की चौकट नाहीशी व्हायची. शेठना ते फार आवडलं. "मॅडम, नको ते दिसतच नाही, हे झकास," असं म्हणाले. मलाही मोठा अभिमान वाटला.

तीन आठवडे सगळं सुरळीत चाललं. एके दिवशी मी खळ्यावर असताना धोतर-टोपीतले एक बाबा पट्टी घेऊन आले. मला म्हणाले, "ताई, तुमच्या मशीनला बेरीज-वजाबाकी येती ना?"

मी हसून म्हणाले, "बाबा, मशीनला तेवढंच तर येतं."

त्यांनी पट्टी टेबलावर ठेवली. वजन अठरा क्विंटल साठ किलो. भाव पाचशे चाळीस. रक्कम दहा हजार चव्वेचाळीस. हमाली-तोलाई मिळून शहाण्णव रुपये वजा. खाली शेतकऱ्याची रक्कम छापली होती ९,५९८. बाबा म्हणाले, "माझ्या हिशोबानं नऊ हजार नऊशे अठ्ठेचाळीस होत्यात. साडेतीनशे कुठं गेले?"

श्रोतेहो, त्या क्षणी मी जे बोलले त्याची मला आजही लाज वाटते. मी म्हणाले, "बाबा, संगणक चुकत नाही. तुमचंच काहीतरी राहिलं असेल." बाबा रागावले नाहीत. खिशातली पेन्सिल काढून त्यांनी पट्टीच्या पाठीवर गुणाकार-वजाबाकी करून दाखवली. दिवाणजींनी वहीवर केली. मग मी कॅलक्युलेटरवर केली. तिघांचं उत्तर एकच आलं. चौथा होता तो संगणक, आणि तो एकटा पडला होता.

शेठनी बाबांना फरक लगेच दिला. पण मला घाम फुटला. एक पट्टी चुकली ती दिसली. न दिसलेल्या किती असतील?

प्रोग्रॅममधल्या चुकीला 'बग' म्हणजे किडा म्हणतात. हा शब्द जुना आहे. एडिसननं १८७८ सालच्या एका पत्रात यंत्रातल्या दोषांना तो वापरला होता. पुढे ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्ड विद्यापीठाच्या 'मार्क टू' संगणकात खरोखरीचा एक पतंग अडकलेला सापडला. तंत्रज्ञांनी तो चिकटपट्टीनं नोंदवहीत चिकटवून ठेवला. ती वही वॉशिंग्टनच्या संग्रहालयात जपलेली आहे. आपली लासलगावची बाजार समितीही १९४७ सालचीच, हा एक योगायोग. हार्वर्डचा किडा निदान डोळ्यांना दिसणारा होता. माझा किडा दिसत नव्हता.

आधी मी दोष विजेवर ढकलला. तेव्हा भारनियमन जोरात होतं, त्यामुळे कुठलीही गोष्ट विजेवर ढकलता येत असे. मग घरी जाऊन भाड्याच्या चौकटीच्या गुणधर्मांची यादी उघडली. 'टेक्स्ट' रिकामा. 'व्हिजिबल' नाही. सगळं जिथल्या तिथे. वीस पट्ट्या करून पाहिल्या, वीसही बरोबर आल्या.

इथे माझं चुकत होतं. ती यादी म्हणजे त्या चौकटीची जन्मपत्रिका. जन्माच्या वेळी ती कशी होती, एवढंच ती सांगते. प्रोग्रॅम सुरू झाल्यावर, दिवाणजींच्या हाताखाली, दुपारी बाराच्या गर्दीत तिची स्थिती काय आहे, हे पत्रिकेवरून कळत नाही. रोग्याला ताप आहे का हे पाहायला नाडीच धरावी लागते.

मी दिवाणजींना म्हणाले, एक दिवस मी तुमच्या शेजारी बसते. ते म्हणाले, "बसा की. मॅडम, व्यापारी गाडीतला वरचा थर बघून बोली लावत नाही, खाली हात घालून बघतो. तुम्हीबी तसंच बघा." मी नाशिकला शिकले त्यात हे वाक्य कुठल्या पुस्तकात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बसले. दिवाणजींची कामाची पद्धत मला ठाऊकच नव्हती. लिलावाची चिठ्ठी आली की शेतकरी टेबलापाशी येण्याआधीच ते पट्टी भरायला घेत. गावाचं नाव वाचून त्या गावचं नेहमीचं गाडीभाडंही भरून टाकत, कारण तिकडून बहुतेक जण पिकअपनंच येत. मग शेतकरी येई आणि सांगे, "मी घरचा ट्रॅक्टर आणलाय." की दिवाणजी खूण काढून टाकत. चौकट नाहीशी होई. दिवाणजींच्या दृष्टीनं विषय संपला.

घरी मी एकदाही खूण करून, रक्कम भरून, मग ती खूण काढली नव्हती. मला उगीच कशाला सुचेल?

व्हिज्युअल बेसिकमध्ये चालता प्रोग्रॅम हव्या त्या ओळीवर थांबवायची सोय आहे. त्या ओळीला 'ब्रेकपॉइंट' लावायचा. तिथे आला की प्रोग्रॅम जागच्या जागी थबकतो, आणि मग एका छोट्या खिडकीत प्रश्नचिन्ह टाकून त्याला विचारता येतं, अमक्या वस्तूचा अमका गुणधर्म या घडीला काय आहे? मी बेरजेच्या ओळीवर प्रोग्रॅम थांबवला आणि दिवाणजींना म्हणाले, त्या बाबांची पट्टी तशीच्या तशी पुन्हा करा. त्यांनी भाडं भरलं, खूण काढली, चौकट गेली. प्रोग्रॅम थांबला.

मी विचारलं, भाड्याची चौकट दिसते आहे का? उत्तर आलं, नाही.

मी विचारलं, तिच्यात काय लिहिलं आहे? उत्तर आलं, ३५०.

चौकट दिसेनाशी झाली होती, रिकामी झाली नव्हती. खूण काढल्यावर मी फक्त 'व्हिजिबल' बदलला होता, 'टेक्स्ट' तसाच ठेवला होता. छपाई करणारा भाग चौकट दिसते का एवढं बघत होता, म्हणून भाड्याची ओळ कागदावर आली नाही. बेरीज करणारा भाग चौकटीत काय आहे एवढं बघत होता, म्हणून साडेतीनशे वजा झाले. दोघंही आपापल्या जागी प्रामाणिक. चूक त्या दोघांना कामाला लावणाऱ्या माझी.

त्या रात्री तीन आठवड्यांच्या सगळ्या पट्ट्या तपासल्या. ओळींची वजाबाकी एकीकडे, छापलेली रक्कम दुसरीकडे. अकरा पट्ट्यांत फरक निघाला, मिळून तीन हजार सातशे रुपये. शेठना यादी दिली. ते काही क्षण गप्प बसले, मग दिवाणजींना म्हणाले, "ज्याचे त्याला पोचते करा." माझ्या बिलातून ती रक्कम कापा असं मी सांगितलं, ते त्यांनी ऐकलं नाही.

दुरुस्ती करायला पाच मिनिटं पुरली असती. खूण काढली की चौकट पुसायची, झालं. पण मी तेवढ्यावर थांबले नाही. आकडे पडद्यावरच्या चौकटींतच ठेवायचे आणि हिशोब पडद्यालाच विचारायचा, ही माझी मूळ चूक होती. पडदा दाखवण्यासाठी असतो, तिजोरी म्हणून नव्हे. मग मी पट्टीची माहिती वेगळी ठेवली. पडदा, बेरीज आणि छपाई, तिघांनीही तिथूनच घ्यायचं. आणि छापण्याआधी शेवटची एक तपासणी घातली. कागदावर येणाऱ्या ओळींवरून रक्कम जुळत नसेल तर पट्टी छापायचीच नाही. बाबांनी पेन्सिलीनं जे केलं तेच मी प्रोग्रॅमला शिकवलं.

ते बाबा पुढच्या महिन्यात पुन्हा भेटले. मी क्षमा मागितली. त्यांनी नव्या पट्टीची रक्कम माझ्यासमोर शांतपणे मोजली आणि म्हणाले, "ताई, माणसानं केलेला हिशोब असला तर एकदा मोजतो. मशीनचा असला तर दोनदा."

श्रोतेहो, ही गोष्ट साडेतीनशे रुपयांवर मिटली, कारण बाबांचा हिशोब पक्का होता आणि शेठनी तो ऐकून घेतला. सगळीकडे असं होत नाही. ब्रिटनमध्ये १९९९ पासून टपाल कार्यालयांत 'होरायझन' नावाची संगणक प्रणाली बसवली गेली. तिच्यातल्या दोषांमुळे हिशोबात नसलेली तूट दिसू लागली. पोस्ट चालवणारे सांगत होते, आम्ही पैसे घेतले नाहीत. पण संगणक चुकत नाही असं मानून नऊशेहून अधिक जणांना दोषी ठरवलं गेलं, काहींना तुरुंगात जावं लागलं. त्या प्रणालीत दोष होते हे तिथल्या उच्च न्यायालयानं २०१९ मध्ये मान्य केलं. २०२४ मध्ये संसदेला खास कायदा करून त्यातल्या शेकडो शिक्षा रद्द कराव्या लागल्या. मी बाबांना सहज बोलून गेले तेच वाक्य तिथे माणसांच्या आयुष्यावर पडलं.

व्हिज्युअल बेसिकच्या त्या आवृत्तीचा आधार मायक्रोसॉफ्टनं २००८ साली काढून घेतला. मीही आता वेगळ्या भाषांत काम करते. साधनं पुष्कळ सुधारली आहेत. पण नव्या मुलांना शिकवताना मी हीच पट्टी सांगते. वस्तू दिसत नाही म्हणजे ती नाही, असं समजू नका. तिची जन्मपत्रिका पाहू नका, चालत्या कामात तिला थांबवून विचारा. आणि जो माणूस ते यंत्र रोज वापरतो त्याच्या शेजारी एक दिवस बसा.

आणि आपणा सर्वांना एक विनंती. पट्टी असो, विजेचं बिल असो की दुकानातली पावती, छापील आहे म्हणून खिशात घालू नका. ओळींचा हिशोब एकदा स्वतः करून पाहा. आणि टेबलाच्या पलीकडे आपण बसलेले असू, तर कुणी कागद पुढे करून "हे जुळत नाही" म्हणाला की आधी त्याची पेन्सिल पाहा, मग पडदा.