पराभवाचा हिशेब ठेवणारा सेनापती

ब्रिटिश फील्ड मार्शल म्हटलं की आपल्याला उमरावाचा मुलगा आठवतो, घोडे आठवतात. विल्यम स्लिम त्या चित्रात बसत नाही. जन्म 1891चा, ब्रिस्टलचा. वडील लोखंडी सामानाचे छोटे व्यापारी. बर्मिंगहॅमला त्यानं गरीब वस्तीतल्या शाळेत मुलांना शिकवलं, मग कारकुनी केली. 1914चं युद्ध पेटलं नसतं तर हा माणूस अधिकारी झालाच नसता. गॅलिपोलीत तो जखमी झाला, मेसोपोटेमियात पुन्हा. पुढे भारतीय लष्कर निवडलं, कारण ब्रिटिश पलटणीत घरच्या पैशाशिवाय अधिकाऱ्याचा निभाव लागत नसे. गुरखा पलटणीत आला, तरी पगार पुरेना. मग टोपणनावानं मासिकांत कथा लिहू लागला.

लेखणीची ही सवय महत्त्वाची ठरली. 1940च्या नोव्हेंबरात सुदानच्या सरहद्दीवर गल्लाबातला त्याच्या ब्रिगेडनं किल्ला घेतला, आणि त्यानंच माघारीचा हुकूम दिला. शत्रू डळमळला होता हे नंतर कळलं. आपण आपल्या भीतीचं ऐकलं, असं त्यानं पुढे स्वतःच छापलं. निवृत्त सेनापतींची आत्मचरित्रं तुम्ही वाचली असतील. त्यात पाऊस चुकतो, दारूगोळा चुकतो, हाताखालचे चुकतात!

1942च्या मार्चमध्ये ब्रह्मदेशातलं सैन्य त्याच्या हाती आलं ते हरत असताना. सुमारे नऊशे मैलांची माघार. येनांगयाँगच्या तेलविहिरी आपल्याच हातांनी उडवून दिल्या आणि मे महिन्यात फाटक्या कपड्यांतली, तापानं फणफणलेली माणसं पावसाच्या तोंडावर इम्फाळला पोचली. पण रायफली टाकलेल्या नव्हत्या.

ऑक्टोबर 1943मध्ये त्याला नवी चौदावी आर्मी मिळाली. ही ‘विसरलेली सेना’ बहुसंख्येनं भारतीय होती. समोर जपानी होते आणि त्यांच्या बाजूनं आझाद हिंद सेनाही होती, हे या व्यासपीठावर झाकून बोलण्यात अर्थ नाही. पण त्याचा सर्वांत मोठा शत्रू होता डास. त्या वर्षी एका जखमी जवानामागे एकशे वीस आजारी माणसं मागे न्यावी लागत. हिवतापाचा रोगी भारतात पाठवला की पाच महिने गेला! स्लिमनं आघाडीच्या मागे काही मैलांवर उपचारकेंद्रं उभारली. रोगी तीन आठवड्यांत पलटणीत परत. हिवताप रोखणाऱ्या मेपाक्रिनच्या गोळ्या जवान खरोखर घेतात का, याची अचानक रक्ततपासणी व्हायची आणि पंच्याण्णव टक्क्यांखाली निकाल आला की बडतर्फ पलटणीचा कमांडर. तिघांना घरी पाठवल्यावर बाकीचे समजले. विमानातून रसद टाकायला रेशमी पॅराशूट मिळेनात, तर कलकत्त्याच्या गिरण्यांतून तागाची करून घेतली. वीस पौंडांचं काम एका पौंडाच्या आसपास भागलं. माझ्या मते त्याची खरी लढाई ही होती. ब्रह्मदेशातली मेइक्तिला आणि मंडाले 1945च्या मार्चमध्ये त्यानं जपान्यांकडून घेतली, तो डाव सुंदरच होता. पण तापानं पडलेल्या फौजेला तो खेळता आला नसता.

पुढचं सगळं मानाचं. 1948मध्ये तो ब्रिटिश लष्कराचा प्रमुख झाला, भारतीय लष्करातून तिथवर पोचलेला पहिलाच. आधीचा प्रमुख माँटगोमेरी, त्याला दुसरा माणूस हवा होता. पंतप्रधान ॲटलींनी ऐकलं नाही. मग सात वर्षं ऑस्ट्रेलियाचा गव्हर्नर जनरल. 1970मध्ये मृत्यू.

मला मात्र मागे, जपान्यांनी इम्फाळ-कोहिमावर चाल केली त्या 1944च्या मार्चकडे, जायचं आहे. कोहिमाच्या डोंगराळ वाटेनं जपानी फार तर एक रेजिमेंट आणतील, असा स्लिमचा अंदाज होता. आली अख्खी डिव्हिजन. तिच्यातली एक रेजिमेंट मणिपूरमधल्या सांगशाक गावाशी अडली. तिथे पन्नासावी भारतीय पॅराशूट ब्रिगेड होती आणि तिच्याबरोबर मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन. टेकडीवर पाण्याचा तुटवडा, काटेरी तारा नाहीत, खडकात खंदक खोल जाईनात. 26 मार्चच्या रात्रीपर्यंत त्यांनी जागा धरली, मग हुकमानं अंधारातून बाहेर पडले. या दिवसांचा फायदा इम्फाळला आणि कोहिमाला मिळाला. आपल्या चुकांच्या परिणामांतून आपल्याला हाताखालच्या कमांडरांनी आणि जवानांच्या चिवटपणानं वाचवलं, हे स्लिमनं 1956च्या पुस्तकात लिहिलं. सांगशाकहून जे परतले नाहीत, त्यांच्यात मराठे होते.