इवलासा ‘अ’
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. हळदीकुंकवाला उखाण्याची पाळी आली की मी दाराआड होणारी. पण गेले वर्षभर दुपारच्या इंग्रजीच्या वर्गात नव्याने येणाऱ्या भगिनींना सुरुवातीचे धडे मी देते. तेव्हा ‘तू काय शिकवतेस ते सगळ्यांना सांग’ असा चिटणीसबाईंचा हुकूम झाला. सातवी शिकलेली बाई इंग्रजी शिकवते हे ऐकून कुणाला हसू आले तर खुशाल हसावे. मलाही येते.

आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून असे. पहिलीपासून ते सुरू झाले २००० साली, तोवर माझी शाळा सुटलेली होती. म्हणजे माझ्या वाट्याला इंग्रजीची तीनच वर्षे आली. त्यांत ‘अ’, ‘ॲन’ आणि ‘द’ यांचे नियम गुरुजींनी फळ्यावर लिहून दिले, आम्ही पाठ केले, पेपरात उतरवले आणि विसरलो. मला तर वाटे, आपल्या भाषेत असले शब्द नाहीत, आपले कुठे अडते? गाळले तर काय बिघडेल? काय बिघडते ते पुढे सांगते.

मंडळाच्या वर्गात शिकवायला येणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी माझा गैरसमज दूर केला. त्या म्हणाल्या, “मुलांना गोष्ट कशी सांगता?” मी म्हटले, “एक राजा होता. त्या राजाला दोन राण्या होत्या.” त्या म्हणाल्या, “झाले! पहिला ‘एक राजा’, दुसरा ‘तो राजा’. पहिल्याला इंग्रजीत ‘अ किंग’ म्हणतात, दुसऱ्याला ‘द किंग’.” ‘ॲन’ आणि ‘वन’ हे मूळचे एकाच शब्दातून निघालेले आहेत. व्यंजनापुढे त्या ‘ॲन’मधला न गळाला आणि नुसता ‘अ’ उरला. ‘द’चे नाते ‘दॅट’शी, म्हणजे आपल्या ‘तो, ती, ते’शी. इतकी वर्षे आपण आजीच्या मांडीवर बसून हेच शिकत होतो, फक्त त्याला व्याकरण म्हणतात हे ठाऊक नव्हते.

आपल्याकडे ऐकणाऱ्याला माहीत असलेली वस्तू सांगताना दर वेळी ‘तो’ लावावा लागत नाही. ‘दूधवाला आला’ म्हटले की कोणता दूधवाला हे घरात कुणी विचारत नाही. इंग्रजीत मात्र ते बोलून दाखवावे लागते, ‘द मिल्कमन’. ‘अ मिल्कमन’ म्हटले तर कुणी तरी अनोळखी दूधवाला दारात उभा राहतो. म्हणून मी वर्गात एवढेच विचारायला सांगते : मी कोणाबद्दल बोलते आहे हे समोरच्या बाईला ठाऊक आहे का? ठाऊक असेल तर ‘द’, नसेल आणि वस्तू एकच असेल तर ‘अ’. बहुतेक वेळा यावर भागते. सगळे मात्र भागत नाही. पुण्याला ‘द’ नाही, नाशिकला नाही, पण त्याच नाशिकच्या गोदावरीला लागतो. नद्यांचा मान म्हणायचा आणि पाठ करायचे.

आता ‘अ’ की ‘ॲन’? शाळेत सांगितले होते, ए, ई, आय, ओ, यू या अक्षरांपूर्वी ‘ॲन’. म्हणून मी ‘ॲन युनिफॉर्म’ लिहिले आणि ते चुकले. बाई म्हणाल्या, “डोळ्यांनी पाहू नका, कानांनी ऐका.” तेव्हा मला एक युक्ती सुचली, ती तुम्हांलाही देते. इंग्रजी शब्द आधी आपल्या देवनागरीत लिहायचा. पहिले अक्षर स्वर आले तर ‘ॲन’, व्यंजन आले तर ‘अ’. अंब्रेला लिहिले की आधी ‘अं’ येतो, म्हणून ‘ॲन अंब्रेला’. युनिफॉर्म लिहिले की ‘य’ येतो, म्हणून ‘अ युनिफॉर्म’. दोघांचे स्पेलिंग ‘यू’नेच सुरू होते, पण आपली लिपी उच्चाराप्रमाणे चालते, ती फसत नाही. तासाला ‘अवर’ म्हणतात. स्पेलिंगात पुढे ‘एच’ बसला असला तरी तो मुका, म्हणून ‘ॲन अवर’. आणि आपली एस.टी.? ती ‘ॲन एस.टी. बस’. आमच्या वर्गात हा नियम कुणी विसरत नाही, कारण निम्म्या बायका एस.टी.नेच येतात.

यापुढचा धडा स्वयंपाकघरातला. इंग्रजीत काही वस्तू मोजायच्या आणि काही न मोजायच्या. न मोजायच्या वस्तूला ‘अ’ लागत नाही आणि तिचे अनेकवचनही होत नाही. आपल्यालाही हा भेद आहे, पण वाटणी निराळी. आपण म्हणतो ‘डाळ संपली’, पण ‘तांदूळ संपले’. डाळ एक आणि तांदूळ पुष्कळ! इंग्रजीत दोन्ही न मोजण्यातली. आपले पोहे अनेक, आपले पैसे अनेक. इंग्रजीत ‘मनी’ एकवचनी, रुपये तेवढे मोजायचे. आपले केस पिकतात, तिकडे डोक्यावरचा सगळा संभार मिळून एकच ‘हेअर’. मात्र आमटीत एखादा केस सापडला तर तो लगेच मोजण्यातला होतो, ‘अ हेअर’. मोजण्यातला होतो आणि घरात भांडणही लावतो. उलट आपली कात्री एक आणि चष्मा एक, इंग्रजीत दोन्ही अनेकवचनी.

फर्निचर, लगेज, होमवर्क, इन्फर्मेशन, ॲडव्हाइस या पाच शब्दांना शेवटी ‘स’ लावायची आपल्याला भारी हौस. तो लावायचा नाही. मोजायचेच असेल तर माप घ्यावे, जसे आपण साखर वाटीने घेतो. चहाचा कप, पावाचा स्लाइस, तसा ‘अ पीस ऑफ ॲडव्हाइस’. हे मी घरी म्हणून पाहिले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “सल्ला काय तुकड्यातुकड्याने देतात?” मी मनात म्हटले, तुम्ही तर पायलीने देता! पण हॉटेलात आपण ‘दोन चहा’ म्हणतो ना, तसे इंग्रजीतही ‘टू टीज’ चालते. कप समोर आला की चहा मोजता येतो.

आता मघाशी जे राखून ठेवले ते सांगते.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. सासूबाईंचे धाकटे भाऊ मुंबईला इस्पितळात होते. हे रात्रपाळीला गेलेले. रात्री नऊच्या सुमारास त्यांच्या नातवाचा मोबाइलवर निरोप आला, इंग्रजीत : ‘डॉक्टर्स से देअर इज लिटल होप.’ फोन लावून पाहिला, लागेना. ‘लिटल’ म्हणजे थोडे आणि ‘होप’ म्हणजे आशा, एवढे इंग्रजी मला येत होते. सासूबाई देवापाशी बसल्या होत्या. मी सांगितले, “थोडी आशा आहे म्हणतात.” त्यांनी हात जोडले आणि म्हणाल्या, “मग सकाळच्या गाडीने निघू.” रात्री साडेदहाची गाडी होती, ती आम्ही सोडली. दुसऱ्या दिवशी दुपारी पोहोचलो. मामा पहाटेच गेले होते.

पुढे वर्गात धडा आला. ‘अ लिटल होप’ म्हणजे थोडी आशा आहे. नुसते ‘लिटल होप’ म्हणजे आशा जवळजवळ नाही. मोजण्याच्या वस्तूंनाही तसेच : ‘अ फ्यू फ्रेंड्स’ म्हणजे चार मैत्रिणी आहेत, नुसते ‘फ्यू फ्रेंड्स’ म्हणजे कुणी नसल्यासारखे. बाई फळ्यावर लिहीत होत्या आणि माझ्या हातातली पेन्सिल थांबली. त्या निरोपात ‘अ’ नव्हता. मी चारचारदा वाचला होता, पण नसलेले अक्षर मला कसे दिसणार?

घरी येऊन दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी सासूबाईंना सगळे सांगितले. त्या तांदूळ निवडीत होत्या. बराच वेळ त्यांनी मान वर केली नाही. मग म्हणाल्या, “भेट झाली असती.” आणि काही वेळाने, “तू दुसऱ्या बायकांना आधी हेच शिकव.” त्यांनी मला दोष दिला नाही, पण ‘असू दे’ असेही म्हटले नाही. म्हणून आमच्या वर्गात हा धडा पुस्तकात शेवटी असला तरी मी पहिल्या आठवड्यात घेते. डॉक्टरांची चिठ्ठी, बँकेचा कागद, मुलांचा निरोप, हे सारे आता आपल्या हातात इंग्रजीत येते. मोठे शब्द कुणाला विचारता येतात. लहान शब्द विचारावेसेच वाटत नाहीत, आणि घात तिथे होतो.

शेवटी एक गोड गोष्ट सांगून बसते. मुले शिकायला जातात तेव्हा ‘गो टू स्कूल’ म्हणतात, ‘द’ नाही. आपण आया फी भरायला, बाईंना भेटायला, विसरलेला डबा द्यायला जातो, तेव्हा ‘गो टू द स्कूल’. शिकणाऱ्याला ‘द’ नाही, पाहुण्याला ‘द’ आहे. सातवीनंतर इतकी वर्षे मी शाळेत गेले ती या ‘द’सकटच गेले. यंदा मी दहावीच्या परीक्षेसाठी बाहेरून बसायचा १७ नंबरचा फॉर्म भरला आहे. पास होईन की नाही, देव जाणे. गणिताची फार भीती वाटते. पण शाळेत फॉर्म देऊन बाहेर पडले तेव्हा मनात म्हटले, आपला ‘द’ गळला.

ज्या भगिनींना वाटते की आता आपले वय झाले, त्यांनी मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी तीन वाजता मंडळाच्या खोलीत यावे. पाटी-पेन्सिल आम्ही देऊ. आणि चार चुका झाल्या तर हसणाऱ्यांत पहिली मी असेन, कारण त्या सगळ्या माझ्या करून झाल्या आहेत.