फ्रेंच घाट, मुंबईचे कसब

श्रोतेहो, आपल्या नांदेड-लातूरहून समुद्र दूर. पण सागवान काही आपल्याला परका नाही. किनवट-माहूरच्या रानातला साग आपण जाणतो. याच जातीच्या लाकडाची लढाऊ जहाजे एके काळी मुंबईच्या गोदीत बांधली जात, आणि त्यांतल्या काहींचा घाट होता चक्क फ्रेंचांचा!

त्याची हकीकत अशी. झाक-नोएल साने हा फ्रान्सचा नामांकित जहाजरचनाकार. तीन मजली जहाज म्हणजे मोठा डोलारा. वाऱ्यात वळवायचे कठीण. साने यांनी मजले दोनच ठेवले आणि जहाज लांब केले. त्यामुळे ८० तोफा मावल्या, शिवाय वेगही राहिला. त्यांच्या आराखड्याचे 'फ्रँकलिन' जहाज १७९७ साली तुलों बंदरात पाण्यात उतरले. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १७९८ मध्ये, इजिप्तच्या किनाऱ्यावर नेल्सनने ते पकडले. इंग्रजांनी त्याचे नाव बदलून 'कॅनोपस' ठेवले, आणि घाट इतका पसंत पडला की त्यावरून ८४ तोफांची नवी जहाजे काढली. शत्रूचे असले, तरी चांगले ते घ्यावे, हा व्यवहार!

यांतली 'गँजेस' १८२१ साली, 'एशिया' १८२४ साली आणि 'कलकत्ता' १८३१ साली मुंबईत पाण्यात सोडली गेली. इथे वाडिया घराण्याचे कसब पिढीजात होते. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ साली सुरतेहून मुंबईस आले, आणि त्यांच्या वंशजांनी ही विद्या वाढवली. साग येई मलबारातून. विलायती ओक लाकडातल्या आम्लाने लोखंडी खिळे गंजतात. सागाच्या अंगच्या तेलाने ते टिकतात. 'गँजेस' मोडीत निघाली ती थेट १९३० साली!

आता या जहाजांची कामगिरी पाहा. २० ऑक्टोबर १८२७ रोजी नॅव्हरिनोच्या लढाईत 'एशिया' हे सेनापती कॉड्रिंग्टनचे जहाज होते. इंग्रज, फ्रेंच आणि रशियन आरमारांनी मिळून तुर्की-इजिप्शियन आरमार बुडवले, आणि ग्रीसच्या स्वातंत्र्याची वाट मोकळी झाली. म्हणजे फ्रेंच घाटाचे हे जहाज फ्रेंचांच्याच खांद्याला खांदा लावून लढले. उलट 'कलकत्ता' १८५६ साली सुरू झालेल्या दुसऱ्या अफूयुद्धात ॲडमिरल सेमूरचे जहाज म्हणून चीनवर गेले. माळव्याची अफू मुंबई बंदरातूनच चीनला जात असे, बरं का. अफू इथली, जहाजही इथले. हुकूम मात्र परक्याचा.

एकच घाट, एकच लाकूड, तेच हात. एका जहाजाने एका देशाची सुटका सोपी केली, दुसऱ्याने दुसऱ्या देशाच्या गळी अफू उतरवायला मदत केली. तासणी-रंधा चालवणाऱ्याला यातले काय विचारले होते? काहीच नाही.

१४ डिसेंबर २०१७ रोजी 'कलवरी' ही पाणबुडी भारतीय नौदलात दाखल झाली. आराखडा फ्रेंच, बांधणी मुंबईच्या माझगाव गोदीतली. घाट पुन्हा त्यांचा, हात पुन्हा आपले; पण या खेपेस हुकूमही आपला आहे. तेव्हा बऱ्यावाईटाचा जाबही आपल्यालाच द्यायचा आहे.