मनोरुग्णाची संमती
(खर्डी येथील ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



घरात कुणाचे मन बिघडले म्हणजे आपण प्रथम देवऋषी गाठतो आणि मग गाडी धरून ठाण्याचे मनोरुग्णालय. तेथे किंवा अन्यत्र कुणी संशोधक कागद पुढे करील, तर काय करावे, एवढाच आजचा विषय.

उपचार रुग्णाच्या हितासाठी असतो. संशोधन पुढील रुग्णांसाठी. संशोधनावाचून औषध सापडत नाही, म्हणून मी त्याचा विरोधक नाही. परंतु सन २००५ मध्ये एका ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध झालेली चाचणी पाहा. तीव्र उन्मादाचे सुमारे २९० भारतीय रुग्ण. निम्म्यांना रिस्पेरिडोन, निम्म्यांना औषधाचा अंश नसलेली गोळी, तीन आठवडे. या विकारावर गुणकारी औषधे अगोदरच उपलब्ध असता पोकळ गोळी का दिली आणि उन्मादातील माणसाची संमती कितपत समजून दिलेली, असे प्रश्न भारतीय टीकाकारांनी विचारले, ते रास्तच होते.

सन २०१७ च्या मानसिक आरोग्यविषयक कायद्याने संमती रुग्णाचीच मागितली आहे. तो देण्यास असमर्थ असेल, पण विरोध करीत नसेल, तर राज्य प्राधिकरणाची परवानगी लागते. त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीची संमतीही काही अटींवरच चालते. दिलेली संमती केव्हाही मागे घेता येते. थोरल्या भावाने घाईघाईत उठविलेला अंगठा म्हणजे रुग्णाचे ‘होय’ नव्हे.

रुग्णाच्या जुन्या टिपणांचा अभ्यास मात्र, ओळख गुप्त राहत असेल तर, असमर्थ रुग्णाच्या संमतीवाचूनही होऊ शकतो. मुंबईत नाव गाळले की ओळख बहुधा लपते. येथे? ‘शहापूर तालुका, अमुक ज्ञाती, वय बावीस, घरचे किराणा दुकान, दोन धाकट्या बहिणी अविवाहित’ एवढे छापले, तर या मंडपातील कोण ओळखणार नाही? आणि मग त्या बहिणींच्या स्थळांचे काय? (संशोधकाच्या कागदापेक्षा आपल्या ओट्यांवरूनच अशा वार्ता अधिक फुटतात, हेही खरे.) तेव्हा गाव, ज्ञाती, व्यवसाय यांपैकी काय वगळणार, टिपणे कोण पाहणार, हे आधीच विचारा. संमतिपत्र मराठीत मागा आणि त्याची प्रत घरी ठेवा. नकार दिल्याने उपचार थांबणार नाही, हे त्यात लिहिले आहे का, ते पाहा. रुग्ण शांत असेल त्या दिवशी त्याला स्वतः विचारा, आणि त्याने मान हलवून नाही म्हटले तर कागद परत करा.